भाताला बाप म्हणतात

"बाप!" रिकामं ताट पुढं सरकवून बेकसाहेबांनी खणखणीत हाक मारली, आणि आमच्या खानावळीतले सगळे घास जागच्या जागी थांबले.

शिरूरच्या बायपासला आमची खानावळ. दुपारची गर्दी होती. ट्रकवाले, कारखान्यातली पोरं, शाळेतले दोन मास्तर, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी हे बेकसाहेब, पन्नाशी ओलांडलेले कोरियन इंजिनिअर. आई शेगडीपाशी उभी होती, तिचा हात आमटी ढवळता ढवळता थांबला. गल्ल्यावरचा माझा धाकटा भाऊ भारत ताडकन उठला. आमच्याकडं जेवायला येणारा माणूस राजकारणावर बोलो, बायकोला शिव्या घालो, सगळं चालायचं. हा एक शब्द तेवढा चालत नव्हता.

"काय म्हणला त्यो?" भारतनं मला दरडावून विचारलं.

"भात मागतायत ते. त्यांच्यात शिजलेल्या भाताला बाप म्हणतात."

"बाप?"

"अगदी आपल्यासारखं नाही. ब आणि पच्या मधलं काहीतरी, आणि शेवटचा प ओठातच ठेवायचा. पण ऐकणाऱ्याला बापच."

दाराजवळचा ट्रकवाला ठसका लागेपर्यंत हसला. "मंग मलाबी वाढा की वाईच बाप! आमचा कवाच वर गेलाय."

सगळी खानावळ हसली. आई तेवढी हसली नाही. तिनं भाताचं पातेलं उचललं, बेकसाहेबांच्या ताटात दोन डाव भात घातला आणि मागं फिरली. मला धडकी भरली, कारण या माणसाला इथं जेवायला मीच आणलं होतं. मी पुण्यात कोरियन शिकले होते आणि जवळच्याच एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले होते. कँटीनच्या तिखटानं साहेबांचं पोट बिघडलं, तेव्हा मीच म्हणाले, आमच्या घरचं खाऊन बघा.

आम्ही वडिलांना तात्या म्हणायचो. बाप हा शब्द लोकांचा. बाप कुठंय तुझा? बाप कधी यायचा? बाप नाही, मग सही कोण करणार? तात्या बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून गुजरातेत गेले ते परतलेच नाहीत. कुणी सुरतेला पाहिलं म्हणायचं, कुणी भरुचला. कुणी म्हणायचं, दुसरा संसार थाटलाय, आणि हे सांगताना चहाचा घोट जरा जास्तच चवीनं घ्यायचं. आई कुंकू लावत राहिली आणि भाकऱ्या थापत राहिली. वडाला ती फेऱ्या मारायची, पण तोंडानं काय मागायची, ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बेकसाहेब जेवायला आले, तेव्हा आई स्वतःच त्यांच्या टेबलाशी गेली.

"इचार त्यांस्नी," ती मला म्हणाली, "पाण्याला काय म्हणत्यात?"

"मूल," साहेब म्हणाले.

"आन् हाताला?"

"सोन."

"चांदोबाला?"

"दाल."

आईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! पाण्याला मूल, चांदोबाला डाळ! उजे, ती मानसं येडी का आपुन येडी?"

"कुणीच नाही गं. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तोंडातून आवाज निघून निघून निघणार किती? आणि जगात नावं द्यायच्या गोष्टी ढीगभर. मग एकच आवाज दोन मुलखांत दोन कामांना लागतो."

आईनं थोडा विचार केला. "म्हंजे पातेलं एकच. हितं आमटी शिजती, तितं दूध तापतंय."

माझ्या कोरियनच्या सरांनी हेच समजावायला सबंध तास घेतला होता.

त्या दिवसापासून आईला खेळच सापडला. बाप चढवला का? बाप करपला! आजचा बाप फारच चिकट झालाय, पाणी जास्त झालं! सकाळ-संध्याकाळ ती हा शब्द असा वापरायला लागली, की जणू गावानं इतकी वर्षं तिच्या अंगावर फेकलेला दगड तिनं उचलून चटणी वाटायला घेतला. गिऱ्हाइकं हसायची. मला मात्र ते ऐकवत नव्हतं. मला अजून तात्यांची आशा होती. मी त्यांची लाडकी, त्यांच्या सायकलच्या नळीवर बसून सगळं शिरूर बघितलेली. एसटी थांबली की आजही उतरणाऱ्यांचे चेहरे बघायची माझी खोड गेलेली नव्हती. आई तो शब्द पातेल्यात घालून शिजवत होती.

अशातच भारतचं लग्न ठरत आलं. मुलगी पारनेरकडची, औट्यांची. मुलगी चांगली, माणसं चांगली, भारत तर पहिल्या भेटीतच विरघळलेला. सगळं जुळलं, आणि बोलणी लग्नपत्रिकेवर येऊन अडली.

त्या दिवशी मुलीचे वडील, आमचे थोरले चुलते आण्णा आणि चारदोन पाव्हणे मंडळी सतरंजीवर बसली होती. मुलीच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या बापाच्या नावाम्होरं काय घालायचं? श्री. का कै.?"

आण्णा सतरंजीचा दोरा उपसायला लागले.

"न्हाय, मला तसं काय न्हाय," ते म्हणाले. "पर माझ्या भावकीत उद्या धा तोंडं इचारत्याल. बाप हाय म्हना, न्हायतर न्हाय म्हना. मधलं अधांतरी नगं."

आण्णांनी घसा साफ केला. "बारा काय, इस वरसं उलटून गेली. बारा वरसं मानसाचा ठावठिकाना न्हाय म्हंजे शास्त्रानं त्यो गेला. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, धावं-तेरावं उरकायचं. मंग पत्रिकेत कै. घालायला मोकळं."

दाराआडून आईचा आवाज आला. थोरल्या दिराशी ती कधी समोरासमोर बोलत नसे. पदर डोक्यावर घेऊन, आडोशाला उभी राहून, माझ्यामार्फत. दोघांची भाषा एकच, घराणं एकच, तरी मी दुभाष्याचं काम शिकले ते तिथंच.

"उजे, सांग आण्णास्नी, जरा इचार करू द्या."

"आण्णा, आई म्हणती, जरा विचार करू द्या."

"ऐकलं मी. इचारबिचार लौकर म्हनावं. त्यांस्नी दुसरी स्थळं हायत."

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणाचं बूड एका जागी टिकलं नाही. भारत माझ्याकडं यायचा, म्हणायचा, "ताई, तू सांग आईला. पोरगी हातची जाईल." मी आईकडं जायची आणि काहीच न सांगता परत यायची. सांगणार काय? पुतळा जाळला की आईचं कुंकू जाणार. मंगळसूत्र जाणार. आणि माझे तात्या, जे कुठंतरी बिडी ओढत बसले असतील असं मला मनातून वाटत होतं, ते घोडनदीच्या काठावर पानांच्या धुरात संपणार. आई रात्रंदिवस नुसती येरझाऱ्या घालायची. शेगडीपासून माजघरापर्यंत, माजघरातून शेगडीपर्यंत. हातात कधी उलथनं, कधी काहीच नाही. आणि जी बाई डोळे मिटून भात शिजवायची, तिचा भात करपला.

करपट वास आला तेव्हा बेकसाहेब जेवायला बसलेले होते. त्यांनी ताटातला भात हुंगला आणि मला विचारलं, "आईंना बरं नाही का?"

मी आडवळणानं सांगायला लागले, पण दुभाष्याला आडवळण नीट जमत नाही, सवयच नसते. सगळंच सांगून बसले. तात्या, गुजरात, पळसाचा पुतळा, श्री. की कै.

बेकसाहेब ऐकत राहिले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "माझे वडील लढाईवर गेले. मी आईच्या पोटात होतो. मेले का जिवंत, कुणी सांगितलं नाही. आमच्याकडं थंडी फार, खोलीची जमीन खालून तापवतात. घरातला माणूस बाहेर असला की त्याच्या वाटणीचा भात वाडग्यात झाकून, जमिनीच्या उबदार जागी रजईखाली ठेवायचा. आला की गरम मिळावा म्हणून. माझी आई रोज ठेवायची."

"काय म्हणत्यात?" आई कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही.

मी तिला सगळं मराठीत सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, आणि खरं सांगायचं तर जीव ओतून सांगितला. मला वाटलं, हे ऐकून तरी हिचं मन पुतळ्यावरून उडेल. तिकडं लांब एक बाई जन्मभर थांबली, मग आपणही थांबू.

आईनं पदरानं हात पुसले. "इचार, त्यो आला का?"

"नाही," साहेब म्हणाले. "शेवटपर्यंत नाही."

"मंग त्या भाताचं काय करायची ती?"

हा प्रश्न साहेबांना अपेक्षित नसावा. "सकाळी... सकाळी आईच खायची. आम्हाला ताजा करायची, आणि तो थंड झालेला ती खायची. टाकायचा कसा?"

मी भाषांतर केलं. आईनं साहेबांच्या पुढ्यातलं करपलेल्या भाताचं ताट उचललं.

"म्हंजे तिनं जल्मभर शिळंच खाल्लं," ती म्हणाली.

मला ते वाक्य कोरियनमध्ये सांगवेना. साहेबांनीही विचारलं नाही. ते आईच्या तोंडाकडं बघत होते आणि त्यांना कळलं असावं.

संध्याकाळी आण्णा आले. आई आडोशाला गेली. "उजे, सांग आण्णास्नी. भटजी बोलवा."

मला आईचा असा राग आला, की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्याच्या दुःखातून हिनं हे उचललं? घोडनदीच्या काठावर भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस मांडला. डोक्याच्या जागी नारळ. भारतनं अग्नी दिला. ओली पानं धड पेटेनात, नुसती धुमसत राहिली, आणि आण्णा पुन्हा पुन्हा रॉकेल मागत होते. नदीवरून परतल्यावर बायका आईचं कुंकू पुसायला पुढं झाल्या. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माझं मी पुसते." आणि भांडं घासावं तसं तिनं कपाळ घासलं. मी मोठ्यानं रडले. तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण ते धुराचं का कशाचं, मी विचारलं नाही.

पत्रिका छापून आली. 'कै. निवृत्ती यांचे चिरंजीव.' पत्रिका गावोगाव गेल्या.

लग्न खानावळीसमोरच्याच मोकळ्या जागेत मांडव घालून लागलं. बोहल्यावरचा मान आण्णा आणि काकूंना. विधवा म्हणून आई मागं मागं, पण सगळ्या स्वयंपाकाचा ताबा तिच्याकडं, आणि मांडवात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. बेकसाहेब फेटा बांधून पहिल्या पंगतीला, मांडी घालून, पाय अवघडलेले. मी त्यांच्यापाशी वाढत होते.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक माणूस दिसला. खांद्यावर पिशवी, गाल बसलेले, दाढीचे खुंट पांढरे. हातात दुमडलेली लग्नपत्रिका. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता. पंगतीतल्या लोकांच्या तोंडाकडं एकेक करून बघत होता, आणि बघता बघता माझ्यापाशी थांबला.

"उजे," तो म्हणाला. "केवढी झालीस गं."

माझ्या हातातली कोशिंबिरीची वाटी खाली पडली. तात्या! इतकी वर्षं मी ज्या चेहऱ्यासाठी एसट्या धुंडाळल्या, तो चेहरा समोर उभा होता, आणि मी खाली वाकून कोशिंबीर गोळा करत होते. भारत धावत आला. तात्या गेले तेव्हा तो दोन वर्षांचा, त्याला ते आठवतच नव्हते. "कोण हाय हे, ताई?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं. तुझा बाप, एवढंच म्हणायचं होतं. पण तो शब्द माझ्या तोंडात आता गरम, वाफाळता, पातेल्यातला झाला होता. या कोरड्या माणसाला तो लावताच येईना.

"कोण आहे?" बेकसाहेबांनीही त्यांच्या भाषेत विचारलं.

"आबोजी," मी म्हणाले. वडील. मराठीत जे निघेना, ते परक्या भाषेत सहज निघून गेलं.

बेकसाहेब अर्ध्या जेवणावरून उठले. फेट्यासकट कमरेत पार वाकून त्यांनी तात्यांना नमस्कार केला, आणि वर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. "आले," ते म्हणत होते, "तुमचे आले." तात्यांना काहीच उमगेना. तेही कावरेबावरे होऊन वाकले.

मग मांडवात जो गोंधळ उडाला, तो विचारू नका. तात्यांना घाईघाईनं मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. आण्णा, भटजी, मुलीचे वडील, भारत, मी. आईला कुणीतरी बोलावलं. ती भाताची बादली हातात तशीच घेऊन आली आणि दाराच्या आडोशाला उभी राहिली. तात्यांनी पत्रिका पुढं केली.

"नगरला एकाच्या हातात बघितली," ते म्हणाले. "माझ्या नावाम्होरं कै.! मी हाय की जित्ता." मग ते दाराकडं, आईकडं वळले. "हौसे, बघ की, हाय मी."

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला होता. "आण्णा, ह्यो काय परकार? पोरीचं लगीन लागलं आन् सासरा सरणावरनं उठून आला? लोक तोंडात शेन घालत्याल माझ्या."

आण्णांना घाम फुटला. त्यांनी भटजींकडं पाहिलं. भटजींनी शांतपणे तपकीर ओढली.

"घाबरू नका. शास्त्रात सोय आहे. जिवंत माणसाचा पुतळा जळाला, तर त्याचा पुन्हा जन्म झाला असं मानतात. तुपानं न्हाऊ घालायचं, जन्मल्या मुलाचे संस्कार करायचे, बारसं करून नाव ठेवायचं. आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. सगळं शुद्ध होतं."

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आण्णांच्या तोंडावर तर हसू आलं. "मंग हुईना! मांडव हाय, भटजी हाय, वाजंत्री बाहेर बसलेत. निवृत्ती, तुझं काय म्हननं?"

"माझी काय ना न्हाय," तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा ताठ झाले. "मी तयार हाय."

कुंकू परत येणार, तात्या परत येणार, सगळं पहिल्यासारखं होणार. मी आईकडं पाहिलं. ती बादलीच्या कडीवरचा हात बदलत होती.

"उजे," ती म्हणाली, "इचार आण्णास्नी. लगीन म्हंजे नव्यानं लगीन ना? पयल्या धरनं?"

"व्हय, नव्यानं," आण्णा म्हणाले. "शास्त्रच म्हनतंय तसं."

"मंग नव्या लग्नाला पोरीची पसंती इचारत्यात का न्हाय?"

"इचारत्यात की!" आण्णा हसले. "हे काय इचारनं झालं?"

आईनं पदर सारखा केला. तात्यांकडं तिनं एकदाच पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, बघायला आलेल्या पाहुण्याकडं घरातली वडीलधारी बाई बघते तसं.

"उजे, सांग त्यांस्नी," ती म्हणाली. "पाव्हन्यांस्नी पोटभर जेवू घाल. स्थळ पसंत न्हाय म्हनावं."